उजेडाचा हिशेब



उजेड चांगला आणि अंधार वाईट, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दिव्य कुरआनातही मार्गदर्शनाला 'नूर' आणि मार्गभ्रष्टतेला 'जुलुमात' म्हटले आहे. परंतु त्याच कुरआनाने रात्रीला अल्लाहच्या मोठ्या देणग्यांत गणले आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. सूरह नबाच्या दहाव्या आयतीत रात्रीला वस्त्राची उपमा दिली आहे. सूरह कससच्या ७१ आणि ७२ व्या आयतींत अल्लाह माणसाला दोन प्रश्न विचारतो. त्यांचा आशय असा, की कयामतपर्यंत रात्रच राहिली तर तुम्हाला उजेड कोण आणून देईल, आणि कयामतपर्यंत दिवसच राहिला तर विसाव्याची रात्र कोण आणून देईल? म्हणजे अंधारही त्याचीच नेमत आहे. मग माणसाने लावलेला प्रत्येक दिवा 'नूर' ठरतो काय? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथाने विचारला नाही. तो एका शेजारणीने विचारला, आणि त्याचे उत्तर देताना माझ्याकडून जी चूक झाली, ती आज आपल्यापुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

त्या काळी मी अकोल्यातील एका मोहल्ल्याच्या मशिदीत इमामत करीत होतो. २०२४ चा रमजान मार्च महिन्यात सुरू झाला. महापालिकेच्या निवडणुका लांबणीवर पडलेल्या असल्या तरी इच्छुकांची लगबग चालूच होती. त्यांपैकी एका इच्छुकाने मशिदीला चार मोठे फ्लडलाईट भेट दिले. ते मिनारावर चढवले गेले आणि मोहल्ला दिवसासारखा उजळला. मुलांनी फोटो काढले, वडीलधाऱ्यांनी दुआ दिली. दिवे लावणाऱ्या वायरमनने तार मशिदीच्या मीटरकडे न नेता गल्लीतल्या खांबाकडे नेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आपल्याकडे याला 'आकडा टाकणे' म्हणतात. मी काही बोललो नाही. कमिटीने मला ठेवले होते, माझे घर त्याच पगारावर चालत होते, आणि 'रमजानपुरते तर आहे' असे मी मनाला समजावले. ईद झाली. दिवे मात्र तसेच राहिले.

मे महिन्यात मशिदीमागच्या घरातील काकू आल्या. अकोल्याचा तो उन्हाळा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या महिन्याच्या अखेरीस उष्णतेमुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. काकूंचे पती पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले होते. दारात उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, "मौलाना, तुमच्या अजानचं मले काईच नाही. पण तो दिवा रातभर यायच्या डोळ्यावर येते. खिडकी लावली तर जीव घाबरते, उघडली तर झोप नाही. रातच्याले बंद करता येईन का?"

एवढीच विनंती होती. ती मी कमिटीपुढे ठेवली. बैठकीत एकाचा सूर लागला, की आज दिवा बंद करा म्हणतात, उद्या अजान बंद करा म्हणतील. बाकीच्यांनी माना डोलावल्या. या भीतीलाही पार्श्वभूमी होती, हे नाकारता येणार नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीने संचारबंदी पाहिली होती. २०२३ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जुन्या शहरात दंगल होऊन एका माणसाचा बळी गेला होता. अशा दिवसांनंतर साधा शब्दही वार वाटू लागतो. परंतु मी इमाम होतो. भीती आणि वस्तुस्थिती यांतला फरक सांगणे हेच माझे काम होते. मी ते केले नाही. उलट पुढच्या जुम्याच्या बयानात मी सूरह सफ्फच्या आठव्या आयतीचा दाखला दिला. अल्लाहचा प्रकाश तोंडच्या फुंकरीने विझवू पाहणाऱ्यांविषयी ती आयत आहे. नाव कुणाचेच घेतले नाही, पण नजरा कोणत्या घराकडे वळल्या ते मला मिंबरवरून दिसले. एका आजारी माणसाच्या झोपेसाठी केलेल्या विनंतीला मी धर्माच्या शत्रुत्वाचा रंग दिला, आणि तोही अल्लाहच्या वचनाचा आधार घेऊन.

वाचकहो, या पापाला कुरआनात नाव आहे. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत ईमानधारकांना बरेचसे गुमान टाळण्यास सांगितले आहे, कारण काही गुमान गुनाह असतात. गुमान म्हणजे पुराव्याविना बांधलेला तर्क. त्याची झळ मी स्वतः सोसली होती. अमरावतीत बी. ए.ला मराठी साहित्य हा विषय घेतला, तेव्हा "तुम्ही आणि मराठी?" असे मला अनेकदा ऐकावे लागले. नाव सांगताच भाड्याची खोली "कालच दिली" असे उत्तर आले. समोरच्याने मला ओळखण्याआधीच माझ्याविषयी निर्णय घेतलेला असे. ज्याने ही वेदना भोगली, त्याला ती दुसऱ्याला देताना ओळखता यायला हवी होती. परंतु पूर्वग्रहाची हीच तर खोड आहे, की तो सोसताना चटकन कळतो आणि करताना कळतच नाही.

काही दिवसांनी मोहल्ल्यातील मेडिकल दुकानात काम करणारा एक मुलगा, जो काकांना इंजेक्शन द्यायला जात असे, मला म्हणाला, "मौलाना, एकदा रात्री माझ्यासोबत चला." इशानंतर मी गेलो. खोलीतला दिवा बंद होता, तरी माझ्या तळहातावरील रेषा मला स्पष्ट दिसत होत्या. मी खाटेच्या कडेवर बसलो आणि काकांच्या उशीच्या दिशेने मान केली. आमच्या मिनाराचा झोत सरळ डोळ्यांत आला. काकूंनी खिडकीला जुने लुगडे बांधले होते. त्याने वारा अडत होता, उजेड अडत नव्हता. काका बोलू शकत नव्हते. त्यांनी फक्त डोळे मिटले.

त्या रात्री घरी परतल्यावर मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. हा उजेड कुठून येतो? तो कुणावर पडतो? आणि तो काय झाकतो? हेच तीन प्रश्न मी आपल्यापुढेही ठेवू इच्छितो.

पहिला प्रश्न, उजेड कुठून येतो. आमचा उजेड खांबावरून चोरलेला होता. २०१२ साली विदर्भातील सिंचन प्रकल्पांच्या खर्चावरून राज्यात गदारोळ झाला, सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली. तेव्हा आपण चहाच्या टपरीवर बसून भ्रष्टाचारावर तावातावाने बोललो. परंतु सार्वजनिक मालातून स्वतःसाठी काढून घेणे हे धरणाच्या बाबतीत भ्रष्टाचार असेल, तर खांबाच्या बाबतीत ते वेगळे कसे ठरेल? रकमेत फरक असेल, प्रकारात नाही. सूरह बकराच्या १८८ व्या आयतीत एकमेकांचा माल अन्यायाने खाण्यास आणि त्यासाठी सत्ताधाऱ्यांपर्यंत तो पोहोचविण्यास मनाई केली आहे. देशाच्या कायद्यातही २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या १३५ व्या कलमाखाली वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. "सगळेच मंडपवाले आकडा टाकतात" हे उत्तर आखिरतच्या न्यायासनापुढे चालणार नाही. तिथे प्रत्येकाला आपापला हिशेब द्यायचा आहे.

आणि ते दिवे? ते भेट म्हणून आले होते. जकात वसुलीसाठी पाठविलेल्या एका माणसाची हकीकत सहीह बुखारीत आहे. परत येऊन तो म्हणाला, की हे तुमचे आणि हे मला भेट मिळालेले. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मिंबरवरून विचारले, की हा माणूस आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? हीच कसोटी उलट बाजूनेही लावून पाहा. मोहल्ल्यात मते नसती, तर ते फ्लडलाईट मिनारावर चढले असते काय? हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याविषयी सांगतात, की राज्यकारभाराचे बोलणे संपून खाजगी गोष्ट निघाली, की ते बैतुलमालच्या तेलावर जळणारा दिवा विझवीत आणि स्वतःचा दिवा लावीत. सार्वजनिक तेलाचा एक थेंबही त्यांना जड वाटत होता. आम्हाला चार फ्लडलाईट हलके वाटले.

दुसरा प्रश्न, उजेड कुणावर पडतो. ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी निर्धास्त नाही तो ईमानवाला नाही, असे प्रेषितांनी (स.) शपथेवर सांगितले आहे. त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. उपद्रव केवळ आवाजाचा किंवा कचऱ्याचा असतो असे आपण धरून चालतो, पण उजेडाचाही उपद्रव असतो. आपले शरीर अंधार पडल्यावर झोपेची तयारी करते. डोळ्यांवर रात्री तीव्र पांढरा प्रकाश पडत राहिला, की ती तयारी बिघडते. पक्ष्यांची दिशा चुकते. आपला वऱ्हाडी शेतकरी हे शास्त्र फार पूर्वीपासून जाणतो. किडींचे पतंग पकडण्यासाठी तो शेतात प्रकाश सापळा लावतो, कारण उजेडाकडे झेपावणारा पतंग परत जात नाही हे त्याला ठाऊक आहे. तो ते काम पिकाच्या गरजेपुरते करतो. आम्ही मात्र गरज नसताना गावभर असे सापळे रात्रभर चालू ठेवतो.

माझे बालपण अचलपुरात गेले. आजोबांबरोबर शेतात जागलीला गेलो, की वर ताऱ्यांचा सडा पडलेला असे आणि उत्तरेला मेळघाटचे डोंगर काळ्या रेघेसारखे दिसत. आजोबा रोहिणी दाखवीत. पुढे मदरशात कळले, की अरब तिलाच 'अद्-दबरान' म्हणत. आपल्या अभिजितला ते 'अन्-नस्र अल्-वाकिअ' आणि श्रवणाला 'अन्-नस्र अत्-ताइर' म्हणत, आणि हीच अरबी नावे थोडी बदलून आज जगभरच्या तारानकाशांवर आहेत. वाळवंटात वाट शोधणाऱ्या अरबाला आणि वऱ्हाडात जागल करणाऱ्या शेतकऱ्याला एकच आकाश उपयोगी पडत होते. सूरह अनआमच्या ९७ व्या आयतीत तारे हे वाट दाखविण्यासाठी आहेत असे म्हटले आहे. आज अकोल्याच्या गच्चीवरून शाबानच्या २९ तारखेला हिलाल शोधताना आमचे डोळे आधी होर्डिंगच्या दिव्यांशी झगडतात. ज्या उम्मतचा महिना चंद्रावरून आणि नमाजेच्या वेळा क्षितिजाच्या लालीवरून ठरतात, तिने आकाश पुसून टाकण्यात हातभार लावावा, हे अजब आहे.

यावर उपाय अवघड नाही. आपल्याच विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तिथे गावे अंधारात बुडवली गेली नाहीत. जंगलालगतच्या वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश फक्त खाली, पायवाटेवर पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. जिथे गरज तिथे उजेड, जेवढी गरज तेवढाच, आणि काम संपले की बंद. झोपताना दिवे विझवा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहेच. त्या काळी कारण आगीचे होते. आज कारणे वाढली आहेत.

तिसरा प्रश्न, उजेड काय झाकतो. हा प्रश्न चमत्कारिक वाटेल, कारण उजेडाने वस्तू दिसतात. पण फ्लडलाईटसमोर उभे राहून पलीकडे पाहा. डोळे दिपतात आणि दिव्यामागे कोण उभे आहे ते दिसत नाही. आमच्या झगमगाटाने आमच्यापासून तीन गोष्टी झाकल्या होत्या. खांबावरची तार, मतांचा व्यवहार, आणि खिडकीमागचा आजारी माणूस. 'आपल्या लोकांची इज्जत' हाही असाच एक फ्लडलाईट आहे. सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढच्या आयती ज्या प्रसंगी अवतरल्या, तो भाष्यकारांनी नोंदवून ठेवला आहे. मदीनेत मुसलमान म्हणविणाऱ्या एकाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुदी माणसावर ढकलला. चोराचे भाऊबंद त्याची बाजू घेऊन प्रेषितांकडे (स.) आले. तेव्हा अल्लाहने आयती अवतरवून त्या यहुदी माणसाला निर्दोष ठरविले आणि विश्वासघात करणाऱ्यांची वकिली करू नये असे बजावले. त्या काळी मदीनेतील संबंध किती तणावाचे होते, हे लक्षात घ्या. तरीही न्याय आपल्या माणसाच्या विरुद्ध आणि परक्याच्या बाजूने उभा राहिला. ही घटना कुरआनात कायमची कोरलेली असताना मी मिंबरवरून नेमके उलटे केले होते.

दुसऱ्या दिवशी मी काकूंची क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "मी मशिदीचं नव्हती बोलली बाबा, दिव्याचं बोलली होती." पुढच्या जुम्याला मी त्याच मिंबरवरून माझे आधीचे बयान चुकीचे होते असे सांगितले आणि तारेचाही उल्लेख केला. कमिटीची बैठक गरम झाली. नोकरी जाईल असे मला वाटले. मशिदीची बदनामी होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे दोघांनी सांगितले. तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेले एक वृद्ध हाजी साहेब बोलले. त्यांनी विचारले, की काबागृहाजवळची ती अर्धगोल भिंत, हतीम, बाहेर का राहिली हे ठाऊक आहे काय? प्रेषितत्वाच्या आधी कुरैशांनी काबागृह नव्याने बांधायला घेतले, तेव्हा त्यांनी ठरविले की यात केवळ हलाल पैसा लावायचा. तो कमी पडला, म्हणून इमारत लहान केली आणि हतीमचा भाग बाहेर ठेवला. "ते मूर्तिपूजक होते," हाजी साहेब म्हणाले, "तरी अल्लाहच्या घराला हरामाचा पैसा लावायला धजले नाहीत. आपण कोण आहोत?" यावर कुणी काही बोलले नाही.

दिवे उतरले. चार दिवे, प्रत्येकी चारशे वॅट, रात्री सुमारे दहा तास, म्हणजे रोजचे सोळा युनिट. असे ऐंशी दिवस. हिशेब १,२८० युनिटांचा निघाला. त्याचे पैसे चंद्यातून न घेता आम्ही कमिटीवाल्यांनी आणि मी स्वतःच्या खिशातून जमवले, लेखी अर्ज देऊन भरले आणि पावती मशिदीच्या फलकावर लावली. दिवे देणारा इच्छुक दुखावला आणि नंतर फिरकला नाही. पुढच्या वर्षी लोकांनी थोडे थोडे पैसे देऊन छतावर दोन किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले. त्यावर दिवसाला सरासरी आठ युनिट वीज तयार होते. पंखे, वजूखान्याचा पंप आणि लाऊडस्पीकर यांना ती पुरते.

या पॅनेलविषयी दोन शब्द सांगायला हवेत. आपल्याच अकोला जिल्ह्यात पारसला ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठेला १,३५० मेगावॅटचे. आपल्या बटणामागे कोळसा जळतो, राख साचते, आणि धरणाचे पाणी शेताला द्यायचे की विजेला यावरून आपल्याकडे आंदोलने झाली आहेत. वऱ्हाडाचे जे ऊन आपल्याला भाजून काढते, त्यातून वीज घेता येणे ही अल्लाहची मेहरबानीच आहे. ते ऊन मशिदीवर, मंदिरावर आणि बुद्धविहारावर सारखेच पडते. त्यात भेदभाव नाही. परंतु पॅनेल बसवले म्हणून उधळपट्टी हलाल होत नाही. वाहत्या नदीच्या काठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी हदीस इब्ने माजा यांनी दिली आहे. ऊन हीसुद्धा वाहती नदीच आहे. सौर विजेवर रात्रभर फ्लडलाईट जाळला, तर चोरीचा गुनाह टळेल, पण शेजाऱ्याच्या झोपेचा हक्क तसाच तुडवला जाईल. स्वच्छ उजेडालाही तिन्ही प्रश्न विचारावे लागतात.

काका त्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या अखेरच्या रात्री अंधारात, थंड वाऱ्याच्या खिडकीपाशी गेल्या, एवढे समाधान आहे. त्याआधीच्या ऐंशी रात्रींचा हिशेब माझ्या नावावर आहे. काकूंनी माफ केले, काकांना मी विचारू शकलो नाही.

म्हणून, वाचकहो, माझी विनंती आहे. आपल्या घरी लग्न असेल, मोहल्ल्यात जलसा असेल, मशिदीवर रोषणाई करायची असेल, तर बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबा. तार कुठून आली ते पाहा. शेजाऱ्याच्या खिडकीत जाऊन एकदा आपला दिवा बघा. आणि कुणी तक्रार घेऊन आले, तर तो कोणत्या धर्माचा आहे हे विचारण्याआधी तो काय म्हणतो ते ऐका. मुलांनाही सोबत घ्या, गच्चीवरचा दिवा मालवा आणि त्यांना रोहिणी दाखवा.

अल्लाह आपल्या दिव्यांना हलाल तेल देवो, आपल्या शेजाऱ्यांना आपल्यापासून निर्धास्त रात्री देवो आणि आपल्या अंतःकरणांतील गुमानाचा अंधार दूर करो. आमीन.